पार्किंग लाईट लावून पळू नका

गाडी चालत असेल तर चारही इंडिकेटर बंद ठेवा. धुई असो, पाऊस असो, भरदुपारी अंधारून आलेलं असो. लावायचेच असतील तर आधी गाडी डांबरावरून खाली घ्या, उभी करा, मग लावा.

या आठवड्यात मला एवढंच सांगायचं आहे. ते पहिल्याच ओळीत सांगून टाकलं, कारण डिसेंबर लागला आहे. दिवाळीनंतर सुरू झालेली गावोगावच्या मंडईच्या जत्रांची आणि नाटकांची रांग अजून संपलेली नाही, धानाच्या ट्रॉल्या खरेदी केंद्रांकडे निघाल्या आहेत, आणि पहाटे पाचला कोहमाऱ्याहून गोंदियाकडे येणाऱ्या माणसाला बोनेटच्या पुढचं काही दिसत नाही अशा सकाळी आता येणार आहेत.

चारही इंडिकेटरच्या त्या दिव्यांना हझार्ड लाईट म्हणणारा ड्रायव्हर आपल्या गोंदिया जिल्ह्यात मला अजून भेटलेला नाही. ट्रकवाला, काळीपिवळीवाला, वऱ्हाडाची गाडी चालवणारा, सगळे ‘पार्किंग’ म्हणतात. ‘पार्किंग लाव’ म्हणजे चारही इंडिकेटर एकदम. आणि हे नाव इंग्रजी नावापेक्षा नेमकं आहे. पार्किंग म्हणजे उभी गाडी. डॅशबोर्डवरचं लाल त्रिकोणाचं बटण दाबलं की मागच्याला एकच निरोप जातो: मी उभा आहे, अंगावर येऊ नको, बाजूने निघ. गाडी साठने पळत असताना हा निरोप पाठवला तर तो खोटा आहे. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, मला मान्य आहे. पण मागच्याला हेतू दिसत नाही, दिवाच दिसतो.

माझ्यावर बेतलेली गोष्ट सांगतो. जानेवारीची पहाट होती, देवरीहून कोहमाऱ्याकडे येत होतो. राष्ट्रीय महामार्ग ५३, ज्याला आपण अजूनही ‘सहा नंबर’ म्हणतो. गाडी भाड्याची. ड्रायव्हर साठीकडे झुकलेले, तीस वर्षं रायपूर-नागपूर ट्रक चालवलेले काका. धुई अशी की रस्त्याच्या मधली पांढरी पट्टी दोन तुकड्यांपुरती दिसायची, तिसरा तुकडा गायब. पुढे एक कार होती, चारही इंडिकेटर लुकलुकवत चाळीसच्या वेगाने चाललेली. काका बराच वेळ तिच्या मागे राहिले. मग थोडं उघडलं तेव्हा त्यांनी तिला मागे टाकलं. किलोमीटरभर गेलो असू. पुन्हा पुढे पिवळी लुकलुक दिसली. काकांना वाटलं, हाही त्यातलाच, चालतोय हळूहळू. त्यांनी पाय थोडा सैल केला, ब्रेकवर नेला नाही.

तो चालत नव्हता. पाटा तुटलेला, भरलेला ट्रक होता तो, डाव्या लेनमध्ये जागच्या जागी बसलेला.

आम्ही वाचलो ते काकांच्या पायामुळे. बंपर आणि ट्रकच्या फाळक्यात दोन हातांचं अंतर राहिलं. गाडी बाजूला घेतल्यावर काका बराच वेळ स्टेअरिंग धरून बसून होते. मग म्हणाले, “दोन्ही सारखेच दिसले जी भाऊ. एक चालत होता, एक उभा होता. मले कसं समजन?”

त्यांच्या या प्रश्नासाठीच मी आज लिहितो आहे. त्या ट्रकवाल्याचं काही चुकलेलं नव्हतं. गाडी बंद पडली, त्याने पार्किंग लावली, क्लीनरने मागे पळसाची फांदीही टाकली होती. त्याच्याकडे जेवढं होतं तेवढं त्याने केलं. चूक झाली होती एक किलोमीटर मागे, त्या चालत्या कारमध्ये. तिने तोच दिवा चालता-चालता वापरला आणि आमच्या डोळ्यांना शिकवलं की पिवळी लुकलुक म्हणजे पुढे जाणारी गाडी. ‘लांडगा आला’ ही गोष्ट आपण पोरांना सांगतो. तिच्यात ओरडणारा पोरगा आणि मेंढरं गमावणारा पोरगा एकच असतो. रस्त्यावर तसं नाही. खोटी हाक एक जण मारतो आणि जीव दुसऱ्याचा जातो.

पुढे एका टपरीवर चहा घेताना शेजारी तशीच पार्किंग लावून आलेला एक तरुण उतरला. मी विचारलं, चालत्या गाडीत काऊन लावलं? त्याचं उत्तर सरळ होतं: “मागच्याले दिसलं पाह्यजे ना जी.”

त्याची काळजी खरी होती. म्हणूनच तिला नीट उत्तर द्यायला हवं.

मागच्याला दिसण्यासाठी गाडीला मागे दोन लाल दिवे दिलेले आहेत. हेडलाईटचं बटण फिरवलं की ते पेटतात आणि सतत पेटलेले राहतात. सतत पेटलेल्या दिव्यावर डोळा ठरतो. दोन लाल ठिपक्यांमधलं अंतर वाढतंय की घटतंय, यावरून मागच्याला कळतं की आपण जवळ येतोय की मागे पडतोय. लुकलुकणाऱ्या दिव्याचं तसं होत नाही. इंडिकेटर मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळा पेटतो आणि तेवढ्याच वेळा विझतो. धुक्यात प्रत्येक वेळी डोळ्याला तो नव्याने शोधावा लागतो, आणि अंतराचा अंदाज दर वेळी तुटतो. त्यातून तो पिवळा झगमगाट ब्रेकचा लाल दिवाही झाकोळतो. मागच्याला सगळ्यांत आधी कळायला हवं ते ब्रेक दाबल्याचं, आणि तेच हरवतं.

दुसरी गोष्ट तर कुणीही घरासमोर करून बघावी. चारही इंडिकेटर लावा आणि मग उजवीकडे वळण्याचा इशारा द्या. बहुतेक गाड्यांत देता येत नाही. कोहमाऱ्याच्या फाट्यावर गोंदियाकडे वळणारी गाडी आणि सरळ साकोलीकडे जाणारी गाडी, दोन्ही सारख्याच लुकलुकत असतील तर मागून येणाऱ्या बसने काय समजावं?

याच्याही पुढचा एक वेडेपणा गोंदिया शहरात रोज दिसतो. जयस्तंभ चौकात सरळ जायचं म्हणून लोक चारही इंडिकेटर लावतात. डावा म्हणजे डावीकडे, उजवा म्हणजे उजवीकडे, मग दोन्ही म्हणजे सरळ, असं हे गणित. हे कोणत्याही पुस्तकात नाही. चौकात बाजूने येणाऱ्याला तुमच्या गाडीची एकच बाजू दिसते. त्या बाजूचा इंडिकेटर लुकलुकताना बघून तो समजतो की तुम्ही त्याच्याकडे वळताय, आणि गाडी पुढे काढतो. सरळ जाणाऱ्याने काहीही लावायचं नसतं. सरळ जायचं, बस. धुक्यात हीच गडबड दसपट होते, कारण तिथे कुणालाच तुमची पूर्ण गाडी दिसत नाही. ट्रकच्या आडून अर्धी दिसते, आणि अर्ध्या गाडीवरची पार्किंग म्हणजे बघणाऱ्याला वळण्याचा इशारा.

आणि नेत्यांच्या मागे-पुढे धावणाऱ्या त्या पांढऱ्या गाड्या. स्वच्छ उन्हात, रिकाम्या रस्त्यावर, चारही इंडिकेटर लावून शंभरने जातात. पार्किंग लाईट हा मान नाही. तो अडचणीतल्या माणसाचा आवाज आहे, तो मिरवायला वापरणं चुकीचं आहे. कार्यकर्त्यांनी हे आपल्या ड्रायव्हरला आजच सांगावं.

आता आपल्या धुईबद्दल. ती इथे एवढी दाट का होते हे समजून घेतलं तर गाडी कशी चालवायची तेही समजतं. गोंदिया धानाचा आणि तलावांचा जिल्हा. इटियाडोह, नवेगावबांध, चोरखमारा, बोदलकसा ही मोठी नावं झाली. त्यांच्याखेरीज गावोगावचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि शेतांतल्या बोड्या. धान कापल्यानंतरही बांध्यांमध्ये ओल टिकून असते. हिवाळ्यात आभाळ निरभ्र, वारा पडलेला, रात्री जमीन झपाट्याने गार होते आणि तिच्यालगतच्या दमट हवेतलं पाणी तिथल्या तिथे थेंब होऊन लटकतं. म्हणून आपली धुई सगळीकडे सारखी नसते. माळावर उघडं असतं, चांदण्यात पुढचं झाड दिसतं. रस्ता तलावाच्या पाळीखाली उतरला की एकदम भिंत. पुन्हा चढ, पुन्हा उघडं. ड्रायव्हर उघड्या पट्ट्यात वेग घेतो आणि त्याच वेगाने भिंतीत शिरतो. आपल्याकडचा धोका या शिरण्याच्या क्षणी आहे.

तिथे पार्किंग लावून काही होत नाही. तिथे वेग कमी करावा लागतो.

हवामान खात्याच्या भाषेत दृश्यता २०० मीटरच्या खाली गेली की धुकं दाट, ५० मीटरच्या खाली गेली की अतिदाट. आता हे आकडे ब्रेकशेजारी ठेवा. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये थांबण्याच्या अंतराचा तक्ता आहे. त्यात या वेगाला कोरड्या रस्त्यावर ५३ मीटर दिले आहेत, ओल्या रस्त्यावर हे अंतर किमान दुप्पट धरायला सांगितलं आहे, म्हणजे १०६ मीटर. तोही चांगल्या टायरची, चांगल्या ब्रेकची कार आणि जागा ड्रायव्हर धरून केलेला हिशेब. भरलेली ट्रॉली, घासलेले टायर, रात्रभर नाटक बघितलेले डोळे त्यात धरलेले नाहीत. अतिदाट धुक्यात पुढचं ५० मीटरही दिसत नाही. याचा अर्थ ८० ने जाणारा माणूस समोरची वस्तू दिसल्यावर थांबूच शकत नाही. त्याने चार लावोत की चाळीस दिवे लावोत. जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल असा वेग ठेवला तरच तो वाचतो. तशा पहाटे तो वेग तीस असेल, कधी वीसही.

मग लावायचं काय? हेडलाईट, आणि तेही डिपरवर. अप्पर मारला तर प्रकाश थेंबांवर आदळून परत डोळ्यांत येतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. डिपरचा झोत खाली रस्त्यावर पडतो. पुढे फॉग लाईट असतील तर ते लावा, ते बंपरमध्ये खाली बसवलेले असतात ते यासाठीच. काही गाड्यांना मागेही एक प्रखर लाल फॉग लाईट असतो. धुई असेतोवर तो लावावा आणि उघडलं की आठवणीने बंद करावा, नाहीतर मागच्याचे डोळे दिपतात. काच आतून धूसर झाली तर एसी लावून साफ करा, चालता-चालता हाताने पुसत बसू नका. डावी कड धरा, रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ धरून चाला. पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांना चिकटून जाऊ नका, कारण तिला दिसत नसेल तर तुम्हालाही दिसणार नाही, आणि ती खड्ड्यात गेली तर तुम्ही तिच्यावर.

नव्या गाड्यांत एक नवी फसगत आली आहे, ती मला फार लागते. पुढे दिवसाचे बारीक पांढरे दिवे आपोआप पेटलेले असतात आणि डॅशबोर्ड चोवीस तास उजळलेला असतो. मालकाला वाटतं, दिवे चालू आहेत. पुष्कळ गाड्यांत त्या वेळी मागचे लाल दिवे बंद असतात. पुढून दिवाळी आणि मागून अमावास्या. पावसात, धुईत अशा गाडीच्या मागे यायचं म्हणजे काळ्या भिंतीच्या मागे येणं. बटण हाताने फिरवा. नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१७ पासून हेडलाईट कायम चालू ठेवण्याचा नियम आला, तेव्हा दिवसा दिवा कशाला म्हणून पुष्कळ लोक नाराज होते. या धुईत त्या दिव्याचं मोल कळतं.

पावसाचंही असंच. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे सर येते ती वायपरला न जुमानणारी. मुरदोलीच्या जंगलात, मासुलकशाच्या घाटात दुपारी तीनला दिवेलागण झाल्यासारखं होतं. काही दिसेनासं झालं की लोक पार्किंग लावतात आणि वेग तोच ठेवतात. दिवा लावला म्हणून धीर येतो, आणि धीर आला म्हणून वेग उतरत नाही. माझा या बटणावर सगळ्यांत मोठा राग यासाठी आहे. काहीच दिसत नसेल तर पेट्रोल पंप, ढाबा, गावाचा फाटा, जे पहिलं येईल तिथे रस्ता सोडून थांबा. पंधरा-वीस मिनिटांत सर ओसरते. थांबल्यावर मात्र खुशाल पार्किंग लावा, तेव्हा ती खरं बोलते.

आता बंद पडलेल्या गाड्या. फांदी आणि धोंडे ही आपल्या महामार्गाची जुनी रीत आहे. गाडी बिघडली की क्लीनर मागे धोंड्यांची ओळ मांडतो. गाडी दुरुस्त होते, निघून जाते, धोंडे तिथेच राहतात. पुढच्या रात्री मोटारसायकलवाला त्यावर आदळतो. ट्रकवाले दादा, मांडलेले धोंडे उचलूनच गाडी हलवा. आणि नव्या कारवाल्यांनो, तुमच्या डिकीत लाल परावर्तक त्रिकोण असतो, शोरूमच्या प्लास्टिकमध्ये तसाच बांधलेला. तो बाहेर काढा, गाडीपासून निदान साठ-सत्तर पावलं मागे ठेवा, धुईत त्याहून मागे. ठेवायला जाताना डांबरावरून चालू नका. घरच्या माणसांना गाडीत बसवून ठेवू नका, रस्त्याच्या खाली दूर उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीचा क्रमांक १०३३ आहे, तो आत्ताच फोनमध्ये टाका. धोका होईल अशी गाडी रस्त्यात सोडून जाणं हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ चा भंग आहे, हेही माहीत असू द्या. जेवायचं म्हणून ढाब्यासमोर अर्धी गाडी लेनमध्ये ठेवणाऱ्यांना ते लागू होतं, मग पार्किंग लावलेली असो वा नसो.

सगळ्यांत जास्त भीती मला ज्यांची वाटते त्यांच्याकडे पार्किंग लाईटच नसते. धानाच्या ट्रॉल्या. ट्रॅक्टरला पुढे दोन दिवे, मागे ट्रॉली पूर्ण आंधळी, वायर केव्हाच तुटलेली, रिफ्लेक्टर चिखलाखाली. धानाची पोती फाळक्याच्या वर रचलेली. धुईत ही ट्रॉली तुमच्यापुढे वीस मीटरवर उगवते. शेतकऱ्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. खरेदी केंद्रावर नंबर लागावा म्हणून तो रात्रीच घरून निघतो, दिवसदिवस रांगेत उभा राहतो, त्याच्या डोक्यात हमीभाव आणि चुकारा असतो, वायर नसते. पण त्या रांगेचाच उपयोग करता येतो. आपल्या जिल्ह्यात मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळ धान खरेदी करतात. या केंद्रांवर हंगामात जिल्ह्यातल्या ट्रॉल्या आपण होऊन येतात. तिथे दोन माणसं आणि लाल परावर्तक पट्टीची गुंडाळी ठेवली, तर वजनकाट्यावर येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीच्या फाळक्याला पट्टी लागू शकते. परिवहन कार्यालय, पोलीस आणि ही केंद्रं यांनी मिळून याच हंगामात हे करावं अशी माझी मागणी आहे. जानेवारीत रस्ता सुरक्षेचे फलक लागतात, शाळेतली पोरं घोषणा देत फिरतात. फलकांच्या खर्चातली थोडी रक्कम या पट्टीवर घाला.

दुसरे, नाटकाहून परतणारे. झाडीपट्टीत मंडईच्या दिवशी नाटक रात्री सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. हे आपलं वैभव आहे, ते टिकायलाच हवं. पण पडदा पडतो तो नेमका धुई सगळ्यांत दाट असते त्या वेळी. एका मोटारसायकलवर तिघं, कानाला मफलर, डोळ्यांवर झोप, आणि घरी जाऊन गाईचं दूध काढायचं असतं म्हणून घाई. नाटक मंडळांनी आणि गावच्या मंडई समित्यांनी शेवटच्या प्रवेशानंतर माईकवर एक वाक्य बोलावं: उजाडेपर्यंत इथेच थांबा, चहा मिळेल. मंडप आणि सतरंजी तिथे आहेच, चहावालाही रात्रभर जागाच असतो. सूर्य वर आला की तासाभरात रस्ता मोकळा होतो.

आपल्या रस्त्यांवर चुकीला माफी नाही, हे आपण उघड्या हवेतही बघितलं आहे. २९ नोव्हेंबर २०२४ ला सडक अर्जुनी तालुक्यात बिंद्रावनटोल्याजवळ शिवशाही बस उलटली आणि ११ प्रवासी गेले. ती दुपारची वेळ होती, धुकं नव्हतं. ऑगस्ट २०२३ मध्ये मुरदोलीच्या जंगलात रात्री कारच्या धडकेने वाघ गेला. नवेगाव-नागझिऱ्याच्या दोन जंगलांना जोडणारा तो पट्टा, जनावर तिथून ओलांडणारच. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि एकूण अपघातांतला सुमारे पाचवा भाग मागून धडकेचा होता. मागून धडक म्हणजे पुढचं काय करतंय हे मागच्याला वेळेत न कळणं. आपल्या दिव्यांनी त्याला खरं सांगायचं की खोटं, हे आपल्या बोटावर आहे.

काही वाचक म्हणतील, परदेशात तर लावू देतात. अर्धं खरं आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात चालत्या गाडीत हे दिवे लावायला बंदी होती. १ जुलै २०२१ पासून ती सैल झाली, पण ताशी ५५ मैल, म्हणजे जवळपास ८८ किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगमर्यादेच्या रस्त्यांवर आणि दृश्यता अत्यंत कमी झाली तरच. ब्रिटनचा नियम मला जास्त पटतो. तिथे चालत्या गाडीत ते लावायचे नाहीत. सूट आहे ती मोटरवेसारख्या वेगवान रस्त्यांवर, पुढे अडथळा दिसला तर मागच्याला क्षणभर सावध करण्यापुरती. आपणही तेवढीच सवलत घ्यावी. महामार्गावर पुढची रांग अचानक थांबली, तुम्ही जोरात ब्रेक दाबलात, मागून ट्रक येतोय, तर चारही इंडिकेटर लावा. काही नव्या गाड्या जोरात ब्रेक लागला की ते आपोआप लावतातही. मागचा ट्रक मंद झालेला आरशात दिसला की बंद करा. त्या वेळीही निरोप तोच असतो, मी थांबतोय, आणि तो खरा असतो.

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांना एक विनंती. एमएच ३५ च्या नव्या ड्रायव्हरला तुम्ही आठचा आकडा काढायला शिकवता, रिव्हर्स शिकवता. त्या लाल त्रिकोणाच्या बटणासाठी पाच मिनिटं द्या. ते कधी दाबायचं, आणि त्याहून महत्त्वाचं, कधी दाबायचं नाही, हे पहिल्या आठवड्यात सांगितलं तर माणूस ते जन्मभर पाळतो. काकांना ते कुणी सांगितलं नव्हतं. तीस वर्षं तेही पावसात पार्किंग लावून ट्रक चालवत आले होते. त्या सकाळनंतर त्यांनी ते सोडलं.

तुम्ही आज संध्याकाळी एक करा. गाडी अंगणात उभी करा, घरातल्या कुणाला तरी आत बसवून दिवे लावायला सांगा आणि स्वतः मागे जाऊन उभे राहा. दोन्ही लाल दिवे पेटतात का बघा. ब्रेक दाबल्यावर ते जास्त उजळतात का बघा. एखादा बंद असेल तर बल्ब बदलल्याशिवाय पहाटे गाडी काढू नका.